कार्पोरेशनची एफडी आणि कोराडीची चिमणी

अमुक शहराने कोळसा-तेलाच्या कंपन्यांमधून आपले पैसे काढले, अशी बातमी दर काही महिन्यांनी येतेच. ओस्लोने २०१५ मध्ये ठरवलं, न्यूयॉर्कने जानेवारी २०१८ मध्ये, आणि सप्टेंबर २०२० मध्ये तर लंडन, बर्लिन, मिलान, केप टाऊन धरून बारा शहरांनी मिळून जाहीरनामाच काढला. त्या बारात आपल्याकडचं एकही शहर नव्हतं. मग इथे विषय निघतो, नागपूर मनपा असं काहून करत नाही? आणि त्यावर हमखास उत्तर येतं की आधी खड्डे बुजवा म्हणा, जगाचं मग पाहू.

खड्ड्यांचं खरंच आहे, पण हा प्रश्न वाटतो तेवढा परदेशी नाहीये. सिव्हिल लाइन्समध्येच पहा ना, मनपाचं मुख्यालय तिथे, रिझर्व्ह बँकेचं ऑफिस तिथे आणि सरकारी कोळसा कंपनी वेस्टर्न कोलफिल्ड्सचं (वेकोलिचं) कोल इस्टेटही तिथेच. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा, ही दोन कोळशावरची वीज केंद्रं. कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच, खापरखेडा १,३४० मेगावॉटचं, आणि कोराडीतच ६६० चे आणखी दोन संच लावायचा प्रस्ताव, ज्याची जनसुनावणी मे २०२३ मध्ये झाली. एवढं सगळं दाराशी असताना शहराचा पैसा या धंद्याशी कुठे आणि कसा जोडलेला आहे हे तरी आपल्याला माहीत असायला पाहिजे.

दोनच शब्द आधी सांगून टाकतो. फॉसिल फ्युएल म्हणजे कोळसा, पेट्रोल-डिझेल ज्यापासून बनतं ते खनिज तेल आणि नैसर्गिक वायू. आणि डायव्हेस्टमेंट म्हणजे एखाद्या धंद्यात लावलेला पैसा ठरवून, जाहीर करून बाहेर काढणं. सरकार एखादी कंपनी विकायला काढतं त्याचा इथे संबंध नाही. पुढे मी सरळ 'पैसे काढणं' म्हणेन.

मनपाकडे असे कोणते पैसे पडून असतात?

लोकांचा पहिला प्रश्न हाच असतो, की जिथे ठेकेदाराचं बिल महिनोन्महिने निघत नाही असं आपण ऐकतो तिथे गुंतवायला पैसा कुठून आला? तर असतो. मालमत्ता कर, पाण्याची बिलं, जीएसटी आल्यापासून राज्याकडून दर महिन्याला येणारं अनुदान, नकाशा मंजुरीचे शुल्क, केंद्र-राज्याच्या योजनांचे हप्ते, ठेकेदारांनी भरलेली अनामत रक्कम, हे सगळं येतं एका दिवशी आणि खर्च होतं दुसऱ्या दिवशी, मधल्या काळात बँकेत राहतं. योजनेचा पैसा तर वर्क ऑर्डर निघेपर्यंत चांगला मुक्काम करतो. त्यातला जो भाग काही महिने लागणार नाही त्याची एफडी होते.

दुसरा पैसा निवृत्तीचा. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या कर्मचाऱ्यांचा पगारातून कापला जाणारा पैसा नवीन पेन्शन योजनेत जातो, तो कुठे लावायचा हे मनपा ठरवत नाही, फंड मॅनेजर ठरवतात आणि त्यांचे नियम दिल्लीत बनतात.

न्यूयॉर्कशी तुलना करताना इथेच गडबड होते. त्या शहराचे स्वतःचे पेन्शन फंड आहेत, २०१८ मध्ये त्यात सुमारे १८९ अब्ज डॉलर होते आणि त्यातले ५ अब्जाच्या आसपास तेल-कोळशाच्या कंपन्यांमध्ये लावलेले होते. म्हणजे शहर त्या कंपन्यांचं थेट भागीदार होतं, विकून मोकळं होता येत होतं. आपल्या मनपाकडे विकायला असे शेअर नाहीत, तिच्याकडे आहेत बँकेतल्या ठेवी. त्यामुळे आपल्यासाठी प्रश्न असा होतो की ज्या बँकेत आपण पैसा ठेवतो ती बँक तो कोणाला देते.

एफडीतला पैसा चिमणीपर्यंत कसा जातो?

बँक ठेव घेते, त्यातला काही भाग नियमाप्रमाणे रिझर्व्ह बँकेकडे आणि सरकारी रोख्यांमध्ये ठेवते आणि उरलेला कर्ज म्हणून देते. औष्णिक प्रकल्प उभा राहतो तेव्हा साधारण तीस टक्के पैसा मालकाचा आणि सत्तर टक्के कर्ज असा हिशोब धरतात. ते कर्ज पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन आणि आरईसी या सरकारी वित्त कंपन्या देतात, किंवा बँका गट करून देतात. आता गणपती मंडळाची वर्गणी आठवा. गल्लीतल्या चाळीस घरांनी दिलेली वर्गणी एकाच डब्यात जाते, त्यातून मांडव, मूर्ती, महाप्रसाद आणि डीजे असं सगळंच होतं, तुमच्या पाचशेच्या नोटेतून डीजे आला की महाप्रसाद हे कोणालाच सांगता येत नाही. तसंच मनपाच्या ठेवीचं, तिच्यातून सोलर पार्कलाही कर्ज गेलं असेल, उमरेडच्या कोणाच्या घराला आणि कोळशाच्या प्लांटलाही.

आता कोणी म्हणालं की माझे पाचशे फक्त महाप्रसादाला लावा, तर मंडळ खुशाल हो म्हणेल, तुमच्या नावाची पावती महाप्रसादाच्या खात्यात फाडेल आणि बाकीच्यांचे पैसे डीजेकडे वळवेल. ही या सगळ्या कल्पनेतली सगळ्यात मोठी फट आहे आणि ती मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. पण चाळीसपैकी पंचवीस घरांनी तेच म्हटलं तर मात्र डीजेचं कठीण होतं, आणि मंडळाला निदान हिशोब तरी मांडावा लागतो.

हिशोबाचंच बोलायचं तर बँका दर तिमाहीला एक तक्ता जाहीर करतात, कोणत्या उद्योगाला किती कर्ज दिलं याचा. त्यात कोळसा, पेट्रोलियम अशा ओळी असतात आणि पायाभूत सुविधांखाली 'पॉवर' अशी एक ओळ असते. ती एकच ओळ! राजस्थानातला सोलर आणि छत्तीसगडचा कोळसा त्याच एका आकड्यात. म्हणजे मनपाच्या अधिकाऱ्याने उद्या प्रामाणिकपणे शोधायचं म्हटलं तरी त्या तक्त्यावरून त्याला फारसं काही कळणार नाही, बँकेला पत्र लिहून विचारावंच लागेल, आणि आजवर तसं पत्र कोणी लिहिलं असेल असं मला वाटत नाही.

बुटीबोरीची गोष्ट

पर्यावरण बाजूला ठेवा, फक्त पैशाच्या डोळ्याने पहा. बुटीबोरीला विदर्भ इंडस्ट्रीज पॉवरचा ६०० मेगावॉटचा प्लांट उभा राहिला, रिलायन्स पॉवरचा. वीज मुंबईला जायची. मग कोळशावर झालेला खर्च दरात धरायचा की नाही यावरून वीज नियामक आयोगाशी वाद झाला, प्रकरण वरच्या न्यायाधिकरणात, तिथून सुप्रीम कोर्टात. २०१९ पासून प्लांट बंद पडला. कर्ज थकलं म्हणून अॅक्सिस बँकेने दिवाळखोरीचा अर्ज टाकला, त्यावर जुलै २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला जो आज दिवाळखोरी कायद्याच्या वर्गात शिकवतात, आणि शेवटी जुलै २०२५ मध्ये अदानी पॉवरने ४,००० कोटींना तो प्लांट घेतला.

हा एकटाच नव्हता. मार्च २०१८ मध्ये संसदेच्या ऊर्जा समितीने यादीच दिली होती, देशातले ३४ औष्णिक प्रकल्प, सुमारे ४० हजार मेगावॉट, अडचणीत, आणि त्यांच्यावर बँकांचे १.७४ लाख कोटी रुपये. हे प्रकल्प हवामान बदलामुळे बुडाले नाहीत हे स्पष्ट सांगतो, कोणाला कोळसा मिळाला नाही, कोणाला वीज विकत घेणारा मिळाला नाही, कोणाचे दर अडकले. पण एका प्लांटला पंचवीस वर्षं चालायचं असतं तेव्हा कुठे त्याचा पैसा वसूल होतो, आणि त्याच काळात डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात सोलर वीज युनिटला १ रुपया ९९ पैशांपर्यंत खाली आली. रात्री सोलर नसतो, मान्य, साठवणुकीचा खर्च वेगळा, तेही मान्य. तरी आज नवीन प्लांटला कर्ज देणारा २०५० पर्यंतच्या बाजारावर पैज लावून राहिला एवढं तर खरं.

आणि सरकारी बँक अशा कर्जात फसली की भरपाई कोण करतं हे आपण पाहिलेलं आहे, सरकार तिजोरीतून भांडवल ओततं.

राख आणि पाणी

खापरखेड्याला आमची एक आत्या राहते. उन्हाळ्यात कुरड्या गच्चीवर टाकल्या की वर जुनी ओढणी आंथरायची, नाहीतर संध्याकाळपर्यंत पांढऱ्या कुरडीवर करडी झाक येते, बोट फिरवलं की कळतं. तिला डायव्हेस्टमेंट सांगायला गेलो तर ती म्हणेल, ते जाऊ दे, आधी राख थांबवायला सांग.

जुलै २०२२ मध्ये वीज केंद्राची राख साठवायचा खसाळ्याचा बंधारा फुटला, राखेचा चिखल शेतात आणि नदीच्या पाण्यात गेला, आणि कन्हान नदीचं पाणी तर आपल्या शहरालाच येतं. म्हणजे एका बाजूला बँकेत पैसा ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूला त्याच धंद्याचा खर्च शहराने उचलायचा. सप्टेंबर २०२३ च्या नागपूरच्या पुराचं नाव मी इथे मुद्दाम घेत नाही, कारण एका रात्रीचा पाऊस थेट कोराडीच्या नावावर टाकणं म्हणजे खोटं बोलणं, त्यात नाल्यावरची बांधकामं आणि अंबाझरी तलावाच्या सांडव्यासमोरचे अडथळे हाही मोठा विषय आहे.

पण आता मनपाचीच एक बाजू पहा, जी या चर्चेत कोणी आणत नाही. भांडेवाडीच्या प्लांटमधून रोज १३ कोटी लिटर शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, आणि त्याचे पैसे मनपाला मिळतात. योजना चांगली आहे, खरंच चांगली आहे, नाहीतर तेवढं पेंचचं ताजं पाणी चिमणीच्या कुलिंगला गेलं असतं. देशभरातून लोक ती पाहायला येतात. पण मग मनपाने उभं राहून 'आम्ही कोळशाशी संबंध तोडला' असं जाहीर केलं तर तो नुसता फोटो काढण्यापुरता ठराव होईल. जिच्या उत्पन्नात कोळशाचा वाटा आहे तिने एवढं मोठं बोलू नये, छोटं आणि खरं बोलावं.

आपण काढले तर बँकेला काय फरक पडतो?

एका मनपाने काढले तर जवळपास काहीच नाही. सिएटल शहराचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथल्या नगर परिषदेने एका तेलवाहिनीला कर्ज दिलं म्हणून वेल्स फार्गो बँकेशी व्यवहार तोडायचं ठरवलं, टाळ्या झाल्या, जगभर बातम्या झाल्या. मग शहराचा एवढा मोठा व्यवहार सांभाळायला दुसरी बँकच पुढे आली नाही आणि २०१८ मध्ये शहर गुपचूप त्याच बँकेकडे परत गेलं. पर्याय हातात नसताना घोषणा केली की असं होतं.

दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या स्टेट बँकेची आहे. २७ नोव्हेंबर २०२०, सिडनीत भारत-ऑस्ट्रेलिया वनडे चालू होती आणि दोन जण फलक घेऊन थेट मैदानात घुसले. फलकावर लिहिलेलं, स्टेट बँकेने अदानींच्या खाणीला एक अब्ज डॉलरचं कर्ज देऊ नये. ती क्वीन्सलँडमधली कारमायकल खाण. सुरुवातीचा बेत वर्षाला ६ कोटी टन कोळशाचा होता, पण बँका एकामागून एक मागे सरल्या आणि २०१८ मध्ये कंपनीने जाहीर केलं की आता आम्ही स्वतःच्याच पैशाने करतो, सुरुवात १ ते दीड कोटी टनांपासून. खाण काही थांबली नाही, २०२१ च्या शेवटी तिथला कोळसा जहाजावर चढला. पण बेत केवढा आकसला ते पहा. पैसे देणाऱ्यांनी हात आखडला की काहीच होत नाही, हे म्हणणंही मग बरोबर नाही.

व्याज बुडेल त्याचं काय?

हा आक्षेप मला सगळ्यात योग्य वाटतो, कारण तो पैसा करदात्याचा आहे. तर आकड्यातच बोलू. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ पासून 'हरित ठेवी'चे नियम लागू केले. म्हणजे अशी ठेव, जिचा पैसा बँकेला ठरलेल्या हरित कामांनाच द्यावा लागतो, सोलर, वीज बचत, स्वच्छ वाहतूक, पाणी वगैरे, आणि कोळसा-तेल काढणं, बनवणं, पोचवणं याला देता येत नाही. वर बाहेरच्या संस्थेकडून दरवर्षी तपासणी. स्टेट बँकेने जानेवारी २०२४ मध्ये अशी ठेव आणली, १,१११, १,७७७ आणि २,२२२ दिवसांची, तेव्हा तिचा व्याजदर साध्या ठेवीपेक्षा ०.१० टक्क्याने कमी होता.

म्हणजे १०० कोटी ठेवले तर वर्षाला १० लाख कमी. एका गल्लीच्या सिमेंट रोडलाही पुरणार नाहीत एवढे. हो, पण मुदत तीन वर्षांच्या वरची आहे, आणि मनपाचा बराचसा पैसा तीन-सहा महिन्यांतच लागतो, ही खरी अडचण. त्यामुळे सगळा पैसा तिकडे हलवा म्हणणाऱ्या माणसाने मनपाचं कॅशबुक पाहिलेलं नसतं.

लाईट गेली तर? आणि गरीब देशानेच काहून?

देशाची सत्तर टक्क्यांच्या वर वीज आजही कोळशावर होते. ३० मे २०२४ ला देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटवर, म्हणजे अडीच लाख मेगावॉटवर गेली होती, त्या महिन्यात नागपुरात कूलर बंद करून कोणी झोपू शकलं असतं का? आणि उमरेड, कामठी, सावनेर, वणी, चंद्रपूर, इथली किती घरं वेकोलिच्या पगारावर चालतात, ट्रकवाले, गॅरेजवाले, खानावळी धरून. माझ्या शाळेतले अर्धे मित्र वेकोलिच्या कॉलनीतले होते.

म्हणूनच चालू असलेला प्लांट आणि नवीन प्लांट यात फरक करायलाच पाहिजे. चालू प्लांटला कोळसा घ्यायला, राख नीट हाताळायला, धूर गाळायची यंत्रणा बसवायला कर्ज लागतं, ते अडवून कोणाचंच भलं नाही, उलट खापरखेड्याच्या लोकांचं नुकसानच. प्रश्न फक्त पुढच्या पंचवीस वर्षांसाठी नव्याने बांधल्या जाणाऱ्या संचांचा आहे.

राहिलं गरीब देशाचं. भारतात माणशी कार्बन उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेत साधारण त्याच्या सात पट. त्यामुळे न्यूयॉर्कने केलं म्हणून आपण करा असं कोणी म्हणत असेल तर त्याला सरळ नाही म्हणावं. आपण करायचं असेल तर आपल्या राखेसाठी आणि आपल्या बुडीत कर्जांसाठी.

कायद्यात बसतं का?

मनपाला मनाला येईल तिथे पैसा ठेवता येत नाही आणि ते चांगलंच आहे. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा घोटाळा विसरलो नाही ना आपण? २००२ मध्ये रोखे घ्यायच्या नावाखाली दलालांमार्फत दीडशे कोटींच्या आसपास पैसा गेला, रोखे आलेच नाहीत, शेतकऱ्यांच्या ठेवी अडकल्या आणि कोर्टाचा निकाल यायला डिसेंबर २०२३ उजाडला. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले तेव्हा पिंपरी-चिंचवड मनपाचे नऊशे कोटींच्या वर अडकले होते, आणि त्यानंतर राज्य सरकारने सरकारी पैसा राष्ट्रीयीकृत बँकांतच ठेवा असं सांगितलं. त्यामुळे कोणी उद्या एखादी छोटी 'ग्रीन' बँक किंवा फंड घेऊन आयुक्तांकडे आला तर त्याला चहा पाजून परत पाठवावं. सुरक्षितता पहिली, मग व्याज, मग बाकी सगळं. स्टेट बँक किंवा बँक ऑफ बडोदाची हरित ठेव या चौकटीत बसते, कारण बँक तीच, फक्त खातं वेगळं.

मग नागपूरने करायचं काय?

माझं मत विचाराल तर सगळे पैसे काढा हा ठराव नको. तीन-चार साध्या गोष्टी आधी करता येतात. ठेवी ठेवताना मनपा बँकांकडून व्याजाचे दर मागवते, त्याच कागदावर एक रकाना वाढवा: वीज क्षेत्राला दिलेल्या कर्जात कोळशाचं किती, आणि नवीन कोळसा प्रकल्पांना कर्ज देण्याबद्दल तुमचं धोरण काय. बँक उत्तर देईल किंवा रिकामं सोडेल, दोन्ही बजेटच्या पुस्तकात छापा. दर सारखे आले तर ज्या बँकेने रकाना भरला तिला ठेव द्या. एक रुपयाही न गमावता हे होतं, आणि पुणे, नाशिक, संभाजीनगरने तोच कागद उचलला तर पंचवीस घरांचा हिशोब जमायला लागतो.

जो पैसा खरंच तीन-चार वर्षं हलणार नाही, त्यातला थोडा हरित ठेवीत टाकून पहा.

आणि पैसा काढण्यापेक्षा लावण्याकडे जास्त लक्ष द्या. इंदूर आपल्याहून काही फार वेगळं शहर नाही. नर्मदेचं पाणी जलूदहून उपसायला त्यांना विजेचं भयंकर बिल यायचं, तर फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांच्या महापालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे काढले, म्हणजे हरित कामासाठी लोकांकडून कर्ज घेतलं, सामान्य लोकांनाही घेता येतील असे, ६० मेगावॉटच्या सोलरसाठी. आपल्यालाही पेंच आणि कन्हानचं पाणी पंपानेच चढवावं लागतं आणि विदर्भात उन्हाची काही टंचाई नाही. अर्थात रोखे काढायचे तर आधी मनपाचे हिशोब वेळेवर आणि स्वच्छ पाहिजेत, कर्ज फेडायची ऐपत जोखणारी रेटिंग कंपनी ते उघडून पाहते, तिथे आपलं घोडं कुठे अडेल हे जाणकारांना सांगायला नको.

कर्मचारी संघटनांनी आपल्या पेन्शनच्या पैशाबद्दल हेच विचारायला हरकत नाही, पण ते पत्र दिल्लीला जाईल, सिव्हिल लाइन्सला नाही. मनपातला प्रस्ताव मात्र मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांच्या टेबलावरून निघायला पाहिजे. तो पर्यावरण विभागाच्या फायलीतून गेला तर पाच जूनला, पर्यावरण दिनी, एक झाड लावून फाईल बंद होईल.